खिळ्यांच्या भोकांतलं ऊन

होळी झाली का आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत कूलर बाहेर निघतात. वर्षभर जिन्याखाली तोंड पाडून बसलेले पत्र्याचे डबे अंगणात येतात. बाया त्यायले पाइपानं आंघोळ घालतात, पोट्टे त्यायच्या पोटात डोकं घालून ओरडतात, अन् मंग सायकलच्या मागं कूलरच्या जाळीत भराचं ढीगभर गवत बांधून गवतवाला येते. सायकल दिसत नाही, माणूस दिसत नाही, नुसतं गवत चालून राहिलं असं वाटते. त्या नव्या गवतावर पहिलं पाणी पडलं का जो वास येते ना गा, ओल्या लाकडाचा, ओल्या पत्र्याचा, थोडासा शाळेसारखा. शाळेसारखा म्हणतो खरा, पण मले शाळेचा वास काय माहीत. मी शाळेत गेलो तो पुताईच्या कामाले. चार भिंती पांढऱ्या केल्या अन् घरी आलो. तेवढंच माहं शिक्षण.

तर तो वास आला का माही नजर आपोआप मागच्या खिडकीकडं जाते.

मागच्या खिडकीले एकच झडप हाय, आंब्याच्या फळ्यांची. त्या फळ्यांत भोकं हाय. किती, ते मोजलं नाही, मले मोजता येते त्याच्या वर असतीन. सकाळी मागच्या गोठ्यावरून सूर्य चढला का झडपेच्या त्या भोकांतून ऊन आत येते अन् जमिनीवर रुपयाएवढे ठिपके पडतात. भोकं सारी वाकडीतिकडी, पण ठिपके गोल. हे कसं होते मले समजत नाही. भोक वाकडं अन् ऊन गोल. मी आपला खाटेवर पडल्या पडल्या पाहत राहतो. ठिपके हळूहळू सरकतात, माठाच्या बुडाशी जातात, माठावर चढतात, अन् मंग कधी तरी, आपलं लक्ष नसताना, विझून जातात. तोवर चहा थंडा होते. सुमन, म्हणजे माही बायको, म्हणते, "झाली का पूजा? कामाले जा आता."

काम म्हणजे चुना. मी भिंतीले रंगही मारतो, पण उन्हाळ्यात माहा खरा धंदा गच्चीवर. ड्रममध्ये चुना भिजू घातला का तो बुडबुड करत, वाफ सोडत बसते, जसं काही त्याले राग आला. दुसऱ्या दिवशी निवला का गोंद टाकायचा, कुंची घ्यायची, आडवा हात, उभा हात. गच्ची दुधासारखी होते, ऊन आलं तसं वापस जाते, अन् खालच्या खोलीचा ताप उतरते. कोणी विचारलं का धंदा काय करता, तर मी सांगतो, लोकायले चुना लावतो. लोक हासतात, अन् मंग भाव पाडतात.

दुपारी गच्चीवर एकटा असलो का गाव वेगळंच दिसते. खाली रस्ते रिकामे, दुपट्ट्यानं तोंड बांधलेली एखादी गाडी जाते तिचाही आवाज येत नाही. तलाव पत्र्यासारखा चमकून राहते. हवा थरथर करते, तिच्यात पाण्याच्या टाक्या हलतात, नारळाचं एखादं झाड वितळते. अन् त्या साऱ्यात इकडं तिकडं पांढऱ्या गच्च्या, जसं कोणी धोतरं वाळू घातले अन् उचलाले विसरला. त्यातल्या किती माह्या हातच्या, ते मी बोट दाखवून सांगू शकतो. खाली कोणी तरी झोपलं असते. पोट्टी, म्हातारी, दुकानदार. आपण त्यायच्या डोक्यावर उभं हाव अन् त्यायले माहीत नाही. झोप म्हणजे कशी हाय, तिले छताचा रंग समजते, माणसाचं नाव समजत नाही.

ज्या उन्हाळ्याची आठवण हे ठिपके काढतात, त्या साली आमच्या भागातल्या शिकलेल्या लोकायनं एक मंडळ काढलं होतं. ज्या घरात, ज्या दुकानात कमी बिजलीत गारवा हाय ते हुडकायचं अन् त्याच्या दारावर पाटी लावायची. पितळी रंगाची पाटी, तिच्यावर लिहिलेलं 'थंड घर'. मंडळात एक रिटायर इंजिनियर काका होते अन् एक मॅडम होत्या, कालेजात घर कसं बांधावं ते शिकवणाऱ्या. त्यायले गच्च्या पाहाच्या होत्या, अन् गच्च्यांचा जावई मी. शिडी खांद्यावर घेऊन मी त्यायच्या मागं मागं फिरलो.

काय काय पाहिलं गा त्या उन्हाळ्यात! एका मास्तरच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीवर मधुमालतीचा वेल होता, खालपासून वरपर्यंत. भर दुपारी त्या वेलात हात घालून मॅडमनं भिंतीले तळहात लावला अन् डोळे मिटले. मीही लावला. भिंत अशी गार, जशी शेजारच्या खोलीतल्या माठाची पाठ. एका टेलरचं दुकान होतं, त्यानं उत्तरेची भिंत कमरेपासून वर सारी खिडकीच केली होती. दिवसा बल्ब नाही. सुईत दोरा ओवताना तो माणूस सुई आभाळाकडं धरे, जसं आभाळच त्याचा दिवा. एका किराणावाल्यानं कवेलूचं छप्पर मोडलंच नव्हतं, त्याच्या दुकानात गेलं का गूळ, हळद अन् सावली असा एकच वास. मले वाटे, इथं पोत्यावर आडवं व्हावं अन् पावसाळ्यात उठावं.

मॅडम प्रत्येक ठिकाणी एकच विचारत. "हवा आत कुठून येते? आणि बाहेर कुठून जाते?" देवाच्या आरतीसारखं मले ते पाठ झालं. दहा घरं झाल्यावर तर त्यायच्या आधी मीच घरवाल्याले विचारू लागलो, "हवा कुठून येते गा? अन् जाते कुठून?" तोंडावर असा भाव, जसं वारा माह्या हाताखाली कामाले हाय.

काकायजवळ गरमी मोजाचं यंत्र होतं. मी म्हटलं, साहेब, ते ठेवा बाजूले, माहं यंत्र तळपायात हाय. एका धान्यवाल्याची गच्ची मी अर्धीच केली होती, चुना संपला म्हून. अर्धी पांढरी, अर्धी काळपट. मी ऐटीत चपला काढल्या अन् दूर भिरकावल्या. पांढऱ्यावर राजासारखा चाललो. "पाहा, काहीच नाही." अन् मंग जोशात काळ्यावर चार पावलं आत गेलो. गा, जे नाचलो मी! चपला गेल्या दुसऱ्या टोकाले, मधात सारी काळी गच्ची. उड्या मारत मारत, माय आठवत, टाकीच्या सावलीत जाऊन पडलो. मॅडमले वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग हाय. त्यायनं टाळ्या वाजवल्या.

अन् माहं सोताचं घर? टिनाचं. पावसाळ्यात टिन गळे म्हून मी त्याच्यावर डांबर मारून ठेवलं होतं, काळंभोर. जगाच्या डोक्यावर पांढरी टोपी घालणारा मी, अन् माह्या बायकोच्या डोक्यावर तवा. ती दुपारी खाटेखाली झोपे. खाटेवर नाही, खाली. म्हणे, तेवढीच एक गच्ची जास्ती.

त्याच साली आमच्या वर्षाचे दिवस भरत आले होते. वर्षा आमची एकुलती एक. शहराच्या दुसऱ्या टोकाले, वाडीले दिली. जावई हिंगण्याले कंपनीत, पाळीची नोकरी, चांगला पोरगा. वाडीचं घर पक्कं, स्लॅबचं, पण समोर ट्रान्सपोर्टची गोदामं, दिवसभर ट्रक. खिडक्या बंद अन् एसी चालू. पहिलं बाळंतपण माहेरात होते, आमच्याकडे त्यात विचाराचं काही नसते. सुमननं तर संक्रांतीपासून आपल्या जुन्या मऊ साड्या फाडून दुपटी शिवली होती. पेटीत घड्या करून ठेवलेली. रोज काढे, हात फिरवे, वापस ठेवे.

अन् एप्रिलात इहीणबाईचा, म्हणजे जावयाच्या आईचा फोन आला. कुसुमबाई. आवाज असा का फोन कानाले लावाची गरज नाही, दूर फळीवर ठेवला तरी पुरते.

"इवाई, राग मानू नका. पण टिनाच्या घरात, नवतप्याच्या त्या नऊ दिवसांच्या आगीत, पोट्टीले पाठवू कशी? इथं एसी हाय. पोराच्या बापाचंही म्हणणं हेच हाय."

"बराबर हाय इहीणबाई," मी म्हटलं. मले भांडता येत नाही, भांडणात मी नेहमी समोरच्याच्या बाजूनं बोलतो.

फोन ठेवला. सुमननं मले एक शिवी दिली नाही, खरकटं ताट तिथंच ठेवलं तरी बोलली नाही. ती मले बोलत नाही म्हणजे घरात काही तरी लय मोठं बिघडलं. संध्याकाळी वर्षाचा फोन आला, ती मायशी बोलली, मी बाजूले बसून कुंची धुवाचं नाटक करून राहिलो.

"आई, मले तिथंच यायचं हाय वं. इथं जीव गुदमरते. पण मी कोणत्या तोंडानं म्हणू?"

सुमन म्हणाली, "तू नको म्हणू काही. गरमी त खरीच हाय." अन् पेटी लावली. कुलूप नव्हतं त्या पेटीले कधी, त्या दिवशी तिनं दोरी बांधली.

मले काय झालं कोण जाणे, मी फोन घेतला अन् वाडीले लावला. म्हटलं, "इहीणबाई, तुमी एक दुपार येऊन पाहा. माहं घर थंड नसलं तर पोरगी तिथंच राहू द्या. मी पाट्या देणाऱ्या मंडळात हाव, काही समजता का नाही?" मंडळात माही शिडी होती. पण रागात माणूस शिडीचं नाव नाही सांगत.

मंग लागलो कामाले. डांबरावर चुना धरत नाही हे मले माहीत होतं. तरी मारला. दुसऱ्या दिवशी सारा पापुद्र्यासारखा सुटून अंगणात पडला, सुमन झाडून राहिली अन् मी वर तोंड करून पाहून राहिलो. मंग डोकं चाललं. टिनावर तुराट्या अंथरल्या, जाड थर. त्याच्यावर जुने पोते एकाले एक शिवून चादर केली. अन् त्या पोत्यायवर चुना, दोन हात, तीन हात. खालून पाहिलं तर घर पगडी बांधलेल्या नवरदेवासारखं. समोरच्या खिडकीत कूलर, नवं गवत, नवी मोटर. दुपारी हात लावला टिनाले आतून, तर हात भाजला नाही. सुमन खाटेवर येऊन बसली. खाटेखाली नाही, वर.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं.

पण मले मागची खिडकी खुपे. खिडकीच्या मागं गोठा. पाच-सहा म्हशी, शेणाचा ढीग, माश्या. आमाले सवय, पण वाडीची इहीण पहिल्यांदा घर पाहाले येऊन राहिली, तिनं खिडकीतून म्हशीचं तोंड पाहावं? वरून वाटलं का कूलरची एवढी थंडी, ती या खिडकीतून फुकटची गोठ्यात जाईन. म्हशी थंड्या अन् पोरगी गरम. मंग मी झडप लावली, तिच्यावर पत्रा ठेवला अन् खिळे ठोकले. चौकट कुठं हाय ते पाहिलं नाही. जिथं जागा दिसली तिथं ठोकला. अर्धे खिळे चौकटीत गेले, अर्धे फळीतून पार होऊन बाहेर आभाळात निघाले. पत्र्यावर एक मोठं चित्र चिकटवलं, बर्फाच्या डोंगराचं. दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. हवा जायले सुईएवढी वाट ठेवली नाही. अन् छाती फुगवून सुमनले म्हटलं, "पाहा, आता थंडी कुठी जाते ते."

ज्या माणसानं अख्खा उन्हाळा गावभर विचारलं, हवा जाते कुठून, तो मीच.

इहीणबाई आल्या बारा वाजता, आटोनं, तोंडाले ओला दुपट्टा, हातात ऊन लागू नये म्हून कांदा. कूलर सकाळपासून चालू होता. तोवर दार उघडंच होतं, त्या आत आल्या अन् मी मागं दार लावून घेतलं. पहिली पाच मिनिटं बरं वाटलं. मंग खोली भरू लागली. गारवा नाही, पाणी. हवाच ओली झाली. कूलर बाहेरची हवा ओढून आत फेकून राहिला अन् आतली जाईन कुठी? साडी अंगाले चिकटली, जमीन घामेजली, मिठाच्या डबीतलं मीठ ओलं झालं. माहं बोलणं त्या दमट हवेत तरंगून राहिलं.

"आमच्या इथं हवा कशी हाय इहीणबाई, पाहा, एकदम डोंगरावानी," मी चित्राकडं हात केला.

कुसुमबाईनं पदरानं कपाळ पुसलं. मान पुसली. मंग चष्मा काढून पुसला, घातला, तो परत धुरकटला. सुमननं पापड भाजून आणला. हातात येईस्तोवर तो लोंबला. कुसुमबाईनं तो दोन बोटांत धरून वर उचलला, ओल्या फडक्यासारखा, अन् खाली ठेवला.

तेवढ्यात बर्फाच्या डोंगराचा वरचा कोपरा सुटला. हळूहळू, मोठ्या शांतपणानं, डोंगर खाली वाकू लागला. आम्ही तिघंही त्याच्याकडं पाहून राहिलो. डोंगर पुरा लोळला अन् मागून निघाले खिळे.

"याच्या मागं काय हाय?" कुसुमबाईनं विचारलं.

"भिंत," मी म्हटलं.

अन् भिंतीच्या मागून म्हैस ओरडली. अशी लांब, पोटातून.

सुमन तोंडावर पदर घेऊन चुलीकडं पळाली. ती रडून राहिली का हासून, मले समजलं नाही. कुसुमबाई मात्र उठल्या. "इवाई, हातोडी हाय का घरात, का तीही त्या भिंतीत ठोकली?"

हातोडी आणली. एक एक खिळा मी काढू लागलो अन् त्या माह्या डोक्यावर उभ्या. "हा. आता तो. अवो, हा आडवा काहून ठोकला? हा त म्हशीच्या शिंगाले लागला असता." शेवटचा खिळा निघाला, पत्रा पडला, त्यायनं सोताच्या हातानं झडप ढकलली.

ते कसं सांगू मले समजत नाही. खोलीनं श्वास सोडला. कूलरची हवा समोरून आली, आमच्या अंगावरून गेली अन् मागून निघाली. अडली नाही, गोळा झाली नाही, नुसती गेली, अन् जाता जाता साऱ्या अंगावर हात फिरवून गेली. माठावरचं फडकं हललं. दोरीवरच्या साड्या हलल्या. शेणाचा वासही आला, कडब्याचा आला, खिडकीत एक काळं ओलं तोंड आलं, आमाले पाहिलं अन् गेलं.

"वास येते," मी मान खाली घालून म्हटलं.

"येऊ द्या. पोट्टी याच वासात वाढली ना? गरमीनं जीव जाते इवाई, वासानं कोणाचा गेला?" मंग कुसुमबाई खाली जमिनीवरच बसल्या, भिंतीले टेकून, पाय लांब करून. "आमचा संसार गोदामात सुरू झाला. पोराचे बाबा तिथं चौकीदार होते. टिन अन् टिन. म्या तेव्हाच शिकली, हवेले जायले रस्ता ठेवला तरच ती येते. कोंडली का सडते. आता समोर ट्रक उभे राहतात, धूर येते, खिडकी उघडता येत नाही. म्हून तो डबा लावला भिंतीले. आवडीनं थोडी लावला."

बोलता बोलता त्यायचा आवाज बारीक झाला. ज्या बाईचा फोन फळीवर ठेवून ऐकू येते, तिचा आवाज बारीक झाला, मंग थांबला. सुमन पाणी घेऊन आली तर इहीणबाई झोपल्या होत्या. तिथंच, उघड्या जमिनीवर, उशीबिशी काही नाही. तोंड थोडंसं उघडं. आम्ही दोघं नवरा-बायको त्यायच्या दोन बाजूले चोरासारखे बसून राहिलो. कूलर घुरघुर करे, त्या घोरत. बाहेर गोठ्यावाला म्हशीयवर पाणी मारून राहिला होता, त्याचे शिंतोडे खिडकीपर्यंत येत. सुमननं एक दुपटं काढलं अन् घडी करून इहीणबाईच्या डोक्याखाली सरकवलं. मी तिच्याकडं पाहिलं. तिनं बोट ओठावर ठेवलं.

मले आजही वाटते का माह्या आयुष्यातली सर्वात मोठी परीक्षा मी पास झालो ती दुसऱ्याच्या झोपेत.

चार वाजता त्या उठल्या. डोक्याखालचं दुपटं हातात घेऊन पाहिलं, उलटं केलं, टाके पाहिले. "हातानं शिवलं का वं सुमनताई?"

"हो."

"शुक्रवारी पोरीले घेऊन येतो. त्या खिडकीले ओलं लुगडं लावत जा दुपारी. अन् इवाईच्या हाती हातोडी देऊ नका."

वर्षा आली. मंग नवतपा आला. त्या दिवसांची मले सलग आठवण नाही, दुपारच्या झोपेसारखी तुकड्या तुकड्यांची हाय. वर्षा पोटावर हात ठेवून कुशीवर झोपलेली. खिडकीत सुमनचं ओलं लुगडं, हिरवं, त्यातून येणाऱ्या उजेडानं सारी खोली हिरवी. आपण तलावाच्या तळाशी बसलो असं वाटे. एकदा दुपारी लाईट गेली अन् लय वेळ आलीच नाही. गल्लीतले सारे कूलर एकाच वेळी बंद पडले तेव्हा जो सन्नाटा झाला, तो मी आधी कधी ऐकला नव्हता. मी घाबरलो. सुमन विंजणा घेऊन वर्षाजवळ बसली. मी टिनावर चढून पोत्यायवर पाणी मारत राहिलो, पांढरे पोते पाणी पीत अन् वाफ सोडत. खाली आलो तर दोघीही झोपलेल्या. लुगडं हळूच आत येई अन् बाहेर जाई. खोली आपली आपण श्वास घेऊन राहिली होती.

नवतपा सरता सरता गुड्डी झाली. दवाखान्यातून घरी आणली त्या दिवशी तिले त्याच दुपट्यात गुंडाळलं, ज्याच्यावर तिची वाडीची आजी झोपली होती.

अन् त्याच आठवड्यात मंडळ माह्या घरी आलं. कोणी सांगतलं कोण जाणे. काकायनं मीटर पाहिलं, बिल पाहिलं, म्हणाले, "गजाननभाऊ, तुमचं बिल एवढं कमी? हे कसं काय डिझाइन केलं?"

"साहेब," मी म्हटलं, "हे डिझाइन नाही, ही गरिबी हाय."

सारे हासले. मॅडम नाही हासल्या. त्या छताकडं पाहत होत्या, मंग खिडकीकडं. म्हणाल्या, "गरिबीत घर नुसतं गरीब राहतं, भाऊ. गार होत नाही. ही खिडकी कोणीतरी समजून उघडली आहे."

मी नम्रपणानं खाली पाहू लागलो. असं पाहिलं का फोटो चांगला येते. तेवढ्यात आतून, नातीले पाहाले आलेल्या अन् तिले मांडीवर घेऊन बसलेल्या इहीणबाईचा आवाज आला, "म्या उघडली! यायनं त ठोकून टाकली होती!"

अन् मंग सारी कहाणी, लोंबलेल्या पापडासकट, म्हशीसकट. मॅडम हासता हासता खाली बसल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच तर सगळीकडे विचारत होतात, हवा जाते कुठून."

"मॅडम, दुसऱ्यायले विचारत होतो," मी म्हटलं. "मले कोणी विचारलंच नाही."

पाटी आमच्याच घराले भेटली. पण मंडळाच्या कार्यक्रमात ती घ्याले स्टेजवर गेल्या कुसुमबाई. जातीनच ना. अन् पाटी तिथून परभारे गेली वाडीले. आता ती त्यायच्या दारावर हाय. समोर ट्रक, खिडक्या बंद, आत एसी, अन् दाराले पितळी पाटी, 'थंड घर'. येणारे जाणारे थांबून पाहतात. ठोकून मीच दिली. सुमननं खिडकीतून निघालेले खिळे दगडावर सरळ करून डब्यात ठेवले होते, त्यातलेच चार नेले. इहीणबाई बाजूले उभ्या. "सरळ ठोका इवाई, इथं म्हैस नाही."

तर पाटी तिकडं, खिळे तिकडं. इकडं राहिली भोकं.

मी रंगारी माणूस. माह्या घरात बाराही महिने लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, डबा असते. साऱ्या गावाच्या भिंतीची भोकं मी बुजवतो, बोटानं दाबतो, पत्तीनं ओढतो, वर रंग मारतो, अन् तिथं कधी काही होतं हे घरवालाही विसरते. दरवर्षी कूलर बाहेर निघाला का सुमन म्हणते, "ते खिडकीचे भोकं." मी म्हणतो, "हो, करतो." ती म्हणते, "कराल त पाहा."

यंदाही नवं गवत आलं, वास आला. शाळेले सुट्ट्या लागल्या अन् वर्षा गुड्डीले घेऊन काल संध्याकाळी आली. रात्री मच्छरायसाठी झडप लावली. आज सकाळी उठलो तर ठिपके जमिनीवर पडलेले अन् गुड्डी त्यायच्या मधात आडवी पडलेली, हात पाय पसरून. एक ठिपका तिच्या पोटावर, एक गुडघ्यावर, एक थेट कपाळाच्या मधात. ती श्वास रोखून पडली होती.

"आबाजी," ओठ न हलवता बोलली, "मी हालली त हा जाईन का?"

"जाईन," मी म्हटलं.

तिचं तोंड बारीक झालं.

"पण उद्या येईन ना."

चुलीपाशी वर्षा चहा गाळून राहिली होती, तिचा हात जरासा थांबला. सुमन उठली, ठिपके तुडवणार नाही अशी पाय उचलत उचलत खिडकीपर्यंत गेली, अन् झडपेच्या कडीले हात लावून तशीच उभी राहिली.

"उघडू का?" तिनं गुड्डीले विचारलं. "का राहू देऊ जरा वेळ?"